दूध पुरत नाही, हे कशावरून ठरवलं?



आजचा भाग नव्या बाळंतिणींसाठी आहे. त्यांच्या आया, सासवा आणि नवऱ्यांनीही तो शेवटपर्यंत ऐकावा, कारण यातली निम्मी कामं त्यांचीच आहेत.

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू अशा ठिकाणच्या मराठी घरांतून मला जे प्रश्न येतात, त्यांत एक सारखा येतो. "ताई, बाळ आठ दिवसांचं आहे. माझं दूध पुरत नाही. काय खाऊ म्हणजे वाढेल?"

माझी नोकरी सैन्याच्या नर्सिंग सेवेत झाली. वेगवेगळ्या छावण्यांमधल्या लष्करी रुग्णालयांत मी बरीच वर्षं प्रसूती वॉर्ड सांभाळला. नवरा सीमेवर, आई आणि सासू गावाकडे, आजूबाजूला भाषाही वेगळी. अशा स्थितीत पहिलं बाळंतपण झालेल्या कितीतरी मुली मी पाहिल्या. त्यांचाही प्रश्न हाच असायचा. त्यावर मी उलट प्रश्न विचारायची: दूध पुरत नाही, हे कशावरून ठरवलं?

आज याच प्रश्नाचं उत्तर नीट समजून घेऊ. कारण दोन्हीकडून नुकसान होतं. पुरेसं दूध असताना घाबरून वरचं दूध सुरू केलं, तर आईचं दूध खरोखर कमी होतं. आणि दूध खरंच कमी असताना 'होईल हळूहळू' म्हणत बसलं, तर बाळाच्या जिवावर बेततं. मी नर्स आहे, डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण कधी थांबायचं आणि कधी धावायचं, हे प्रत्येक घराला कळायला हवं.

दूध तयार कसं होतं

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. घट्ट, पिवळसर आणि थोडासा. एका वेळी चमचा-दोन चमचे. नवजात बाळाची गरजही सुरुवातीला तेवढीच असते. चीक थोडा दिसतो म्हणून 'अजून दूधच आलेलं नाही' असं घरात सुरू होतं आणि कोणीतरी साखरपाणी किंवा मध पुढे करतं. ते अजिबात देऊ नका. मधामुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून तो वर्षभर वर्ज्य. चीक पिळून टाकायचा नाही. बाळाला रोगांपासून राखणारे घटक त्यात भरपूर असतात.

साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात छाती जड होते, दूध उतरतं. पहिलटकरीण असेल, सिझेरियन झालं असेल, मधुमेह असेल किंवा बाळंतपणात रक्त फार गेलं असेल, तर एखाद-दोन दिवस उशीर होऊ शकतो. अशा वेळी बाळावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, पण 'हिला दूध येणारच नाही' असा शिक्का मारायचा नाही.

त्यापुढे दोन संप्रेरकं काम करतात. प्रोलॅक्टिन दूध बनवतं. बाळ ओढतं तेव्हा ते वाढतं, आणि रात्री त्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणून रात्रीचं पाजणं चुकवायचं नसतं. दुसरं ऑक्सिटोसिन. ते बनलेलं दूध पुढे ढकलतं. आपल्याकडे त्याला फार चांगला शब्द आहे, पान्हा फुटणं. वेदना, भीती, अपमान यांनी पान्हा अडतो. दूध आत असतं, पण बाहेर येत नाही. पाजायला बसलेल्या मुलीसमोर चार बायका उभ्या राहून 'येतंय का? पुरतंय का?' असं विचारत राहिल्या, तर नेमकं हेच होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. छाती भरलेली राहिली की दूध बनण्याचा वेग मंदावतो, रिकामी होत गेली की वाढतो. विहीर उपसल्यावर झरे मोकळे होतात, तसंच. दूध साठवून ठेवून वाढत नाही.

या गोष्टींवरून ठरवू नका

बाळ रडतं. बाळ भुकेनं रडतं, तसंच ओलं झाल्यामुळे, उकाड्यानं, थंडीनं, झोप आल्यामुळे आणि नुसतं कुशीत यायचं म्हणूनही रडतं.

संध्याकाळी बाळ सुटतच नाही. बरीच बाळं संध्याकाळी दोन-तीन तास थोड्या थोड्या वेळानं पीत राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास अचानक एक-दोन दिवस जास्त पितात. अशा पिण्यानंच त्यांच्या वाढत्या भुकेपुरतं दूध तयार होतं.

छाती मऊ झाली. पहिल्या काही आठवड्यांनंतर शरीर मागणीशी जुळवून घेतं आणि तो जडपणा जातो. दूध गेलेलं नसतं.

पंपानं वीस-तीस मिलिलिटरच निघालं. यंत्र बाळाइतकं चांगलं ओढत नाही. काही बायकांना पंपानं पान्हाच फुटत नाही, पण त्यांचं बाळ छान वाढत असतं.

पाजल्यावरही बाटली दिली तर बाळ ती संपवतं. बाटलीतून दूध आपोआप तोंडात येतं. चोखणं आणि गिळणं ही तान्ह्या बाळाची उपजत हालचाल आहे. पोट भरलेलं असलं तरी ते गिळत राहतं.

यावरून ठरवा

दोन मोजमापं भरवशाची: लंगोट आणि वजन.

पहिल्या दिवशी एखादी शू, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, असं वाढत जाऊन पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले व्हायला हवेत. शूचा रंग फिका हवा. डायपर वापरत असाल तर शू किती झाली हे कळत नाही. शंका असेल ते दोन दिवस सुती लंगोट वापरा. शी पहिल्यांदा काळी, मग हिरवट आणि साधारण पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळसर व्हायला हवी. पहिल्या महिन्यात दिवसातून तीन-चार वेळा किंवा जास्त होणं नेहमीचं आहे.

आता वजन. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं. जन्माचं वजन तीन किलो असेल तर दोनशे ग्रॅमपर्यंत उतरणं अपेक्षित आहे. त्याहून जास्त उतरलं तर पाजण्याची पद्धत जाणकारानं प्रत्यक्ष पाहायला हवी. तीनशे ग्रॅम, म्हणजे दहा टक्के उतरलं तर त्याच दिवशी डॉक्टर. दहा ते चौदा दिवसांत बाळ पुन्हा जन्माच्या वजनावर यायला हवं आणि पुढे पहिले तीन महिने आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम वाढायला हवं. वजन दर वेळी एकाच काट्यावर, बाळाचे कपडे काढून करा. घरी काटा हवाच असं नाही. आशाताई पहिल्या सहा आठवड्यांत घरी येऊन वजन करतात. शहरात बालरोगतज्ज्ञाकडे जा.

पाजताना कानही उघडे ठेवा. बाळ सुरुवातीला भरभर चोखतं. पान्हा फुटला की चाल संथ होते आणि गिळल्याचा हलका आवाज येतो. तो आवाज कानावर येत असेल तर दूध पोटात जातंय.

मघाशी रडणाऱ्या बाळाचं सांगितलं. मला जास्त धास्ती वाटते ती न रडणाऱ्या बाळाची. आमच्या वॉर्डात बाळंत होऊन घरी गेलेली कोल्हापूरकडची एक मुलगी सहाव्या दिवशी तपासणीला आली. बाळ फार गुणी आहे, रात्रभर झोपतं, म्हणून ती खूश होती. विचारलं तर चोवीस तासांत दोनच लंगोट ओले झालेले, शी अजून हिरवट-काळी. वजन केलं तर बारा टक्के उतरलेलं. ते बाळ झोपत नव्हतं, ग्लानीत होतं. भुकेनं रडायचीसुद्धा त्याच्यात ताकद उरली नव्हती. लगेच दाखल केलं, आईचं दूध काढून आणि कमी पडेल तेवढं वरचं दूध घालून दर दोन तासांनी पाजलं, आणि बाळ सावरलं. तिसऱ्या आठवड्यात ते पूर्णपणे आईच्या अंगावर पीत होतं. पहिले काही आठवडे, जन्माचं वजन भरून येईपर्यंत, बाळ तीन तासांपेक्षा जास्त झोपलं तर उठवून पाजायचं. कावीळ झालेली आणि दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं अशी सुस्त असतात. त्यांच्याकडे दुप्पट लक्ष हवं.

वरच्या दुधाचा फास

दूध कमी होण्याची जी कहाणी मी सर्वांत जास्त पाहिली ती अशी. चौथ्या रात्री बाळ रडतं. घरचे डब्याच्या दुधाची साठ मिलिलिटरची बाटली देतात. बाळ चार तास झोपतं. सगळे म्हणतात, बघा, उपाशीच होतं. त्या चार तासांत छाती भरून राहते आणि शरीराला निरोप जातो की इतकं दूध नको. दुसऱ्या दिवशी दूध थोडं कमी. मग दोन बाटल्या. बाटलीच्या सोप्या धारेची सवय झालेलं बाळ आता छातीशी कुरकुर करतं. दोन आठवड्यांत आई म्हणते, माझं दूध आटलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या बाळांचं प्रमाण देशभरात ४१.८ टक्के होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी फक्त आईच्या दुधावर असलेली ६३.७ टक्के. दवाखान्यात बाळंतपणं वाढली, तरी पहिला तास अजून आपल्या हातून निसटतो. डब्याच्या दुधाची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. कोणी फुकट नमुना देत असेल, तर तोही कायद्याच्या विरुद्ध आहे.

पुढचे तीन दिवस काय करायचं

बाळ सावध आहे, धोक्याची खूण नाही, पण वाढ जेमतेम वाटते. अशा वेळी मी आईला तीन दिवसांचा कार्यक्रम द्यायची.

पहिलं काम, पकड तपासणं. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. नुसतं बोंड तोंडात असून उपयोग नाही. भोवतीच्या काळ्या भागाचा बराचसा भाग, विशेषतः खालचा, तोंडात हवा. बाळाचं सगळं अंग आईकडे वळलेलं, पोटाला पोट. पाजताना सतत दुखत असेल, बोंडाला भेगा पडल्या असतील, तर पकड चुकतेय. बाळ बाजूला घ्या, पुन्हा लावा. जीभ खाली चिकटलेली असेल तर तीही तपासून घ्या. कितीही लाडू खाल्ले तरी चुकीच्या पकडीवर ते उपाय नाहीत.

दुसरं, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं, रात्रीही. घड्याळ बघून बाळाला बाजूला काढायचं नाही. एक बाजू मऊ झाली की दुसरी द्यायची. बाळ चोखता चोखता झोपत असेल तर छाती हातानं हलकेच दाबायची, म्हणजे धार वाढते आणि ते पुन्हा गिळू लागतं.

तिसरं, दिवसातून काही तास बाळाला फक्त लंगोटावर आईच्या उघड्या छातीशी ठेवायचं, वरून दोघांना पांघरूण. याने पान्ह्याला मदत होते आणि बाळ आपणहून तोंड लावतं. आईला झोप येत असेल तर मात्र शेजारी कोणीतरी जागं हवं. बाळाचं तोंड-नाक मोकळं आहे ना, याकडे त्यानं लक्ष द्यायचं.

चौथं, पाजून झाल्यावर दहा मिनिटं हातानं दूध काढायचं, दिवसातून पाच-सहा वेळा. हात स्वच्छ धुवायचे. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागे. आधी छातीकडे दाबायचं, मग पुढे. निघालेलं दूध वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं बाळाला द्यायचं. आपल्या आजीच्या कपाटात असायचं तेच बोंडलं. तमिळनाडूत त्यालाच पालाडै म्हणतात आणि तिथल्या नवजात विभागांतही ते वापरात आहे. उकळून स्वच्छ करायला सोपं. काढलेलं दूध खोलीत ठेवायचं तर चार तासांत संपवा, फ्रीजमध्ये आतल्या खणात चोवीस तास.

पाचवं घरच्यांचं. आईनं पाजायचं, बाकी सगळं इतरांनी. लंगोट, ढेकर काढणं, आंघोळ, स्वयंपाक, पाहुण्यांना दारातून निरोप. आणि वहीत दोन रकाने, किती वेळा पाजलं आणि किती लंगोट ओले झाले. ही वही नवऱ्यानं लिहायची. आमचे जवान हे काम फार चोख करायचे! तिसऱ्या दिवशी वही आणि वजन घेऊन डॉक्टरांकडे जा. घरी नुसती चर्चा करून काही कळत नाही.

खाणं आणि औषधं

अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, मेथी, खसखस, बाळंतशेपा हे खा, आवडत असेल तर खुशाल खा. बाळंतिणीची ताकद भरून यायला त्यांचा उपयोग आहे. पण त्यांनी दूध नक्की वाढतं, असा भक्कम पुरावा नाही. मेथीदाण्याची चूर्णं आणि कॅप्सूल मात्र स्वतःच्या मनानं घेऊ नका. मधुमेह किंवा थायरॉइडचं औषध चालू असेल तर आधी विचारा. शतावरीच्या कल्पाचंही तेच.

पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणाशिवाय दोन भाकऱ्या, डाळ-उसळ आणि वाटीभर दही किंवा एखादं अंडं. काही घरांत बाळंतिणीला पाणी तोडून देतात, भाज्या-फळं बंद करतात. असं करू नका. तहान लागेल तेवढं पाणी प्यायचं. पोटं फुगतील या भीतीनं उपाशी ठेवलेली आई थकते, आणि थकलेली आई कमी वेळा पाजते.

मिश्री लावायची सवय असेल तर ती सोडा. तंबाखू दुधातून बाळापर्यंत जातो आणि दूधही कमी होऊ शकतं. सर्दीच्या काही गोळ्यांनी आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही दूध घटतं. कोणत्याही दुकानातून गोळी घेताना 'मी अंगावर पाजते' हे आधी सांगा. दूध वाढवण्यासाठी डोमपेरिडोनसारखी औषधं डॉक्टर क्वचित देतात. त्यांचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून शेजारणीची चिठ्ठी आपल्याला चालत नाही.

दूध खरंच कमी असेल तर

काही जणींना खरोखर कमी दूध येतं. थायरॉइड मंद असणं, गर्भाशयात वारेचा तुकडा राहणं, बाळंतपणात अतिरक्तस्राव, पीसीओएस, छातीवर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, दूध बनवणाऱ्या ग्रंथींचीच वाढ कमी असणं, ही त्याची खरी कारणं आहेत. यातली काही रक्ततपासणीनं किंवा सोनोग्राफीनं कळतात आणि उपचारानं सुधारतात. यात त्या मुलीचा काडीचाही दोष नाही. तिच्या मनात नाही, तिला पाजायचा कंटाळा आहे, असली वाक्यं घरातून हद्दपार करा.

वरचं दूध लागणारच असेल तर ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, ठरलेल्या मापानं द्या. आधी अंगावर पाजा, मग वाटी-चमच्यानं वरचं, आणि छाती रिकामी करणं चालू ठेवा. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घाला, उकळलेलं. डबा महाग म्हणून पातळ केलेल्या दुधानं बाळ सुकतं. तान्ह्या बाळाला घरातलं गाई-म्हशीचं दूध, त्यात पाणी घालून वगैरे, देऊ नका. अर्धं आईचं आणि अर्धं वरचं असं पिऊनही बाळं छान वाढतात. आईचं जेवढं मिळतं तेवढं सोनंच आहे.

बाळ फार लहान, अशक्त असेल तर मानवी दूध बँकेबद्दल रुग्णालयात विचारा. आशियातली पहिली दूध बँक १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आता इतर राज्यांतही अशा बँका आहेत. तिथलं दूध तपासून, निर्जंतुक करून देतात. ओळखीच्या बाईचं न तपासलेलं दूध परस्पर देऊ नका.

या खुणा दिसल्या तर वाट पाहू नका

आठ तासांत शू नाही. चौथ्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी डाग. बाळ उठवूनही पीत नाही किंवा मलूल पडलंय. टाळू खोल गेलीय, तोंड कोरडं आहे. पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोचलाय. ताप आहे किंवा अंग गार पडलंय. चौदाव्या दिवशीही जन्माचं वजन भरून आलेलं नाही. यातली शेवटची सोडून कोणतीही खूण दिसली तर रात्र असली तरी निघा. शेवटची दिसली तर त्याच दिवशी दाखवा. आईला ताप, छातीवर लाल दुखरा भाग, खूप रक्त जाणं किंवा सारखं रडू येऊन जगावंसंच न वाटणं, हेही तितकंच तातडीचं आहे.

परमुलखात असाल तर तिथली भाषा येत नाही म्हणून गप्प राहू नका. लंगोटांची वही आणि वजनाचा कागद पुढे ठेवा. ते आकडे चेन्नईच्या नर्सला कळतात आणि गुवाहाटीच्या डॉक्टरलाही.

तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी बाळंतीण असेल तर हा भाग तिच्या नवऱ्याला आधी पाठवा. पुढच्या भागात आपण नोकरीवर परत जाणाऱ्या आईबद्दल बोलू: २६ आठवड्यांची रजा कोणाला मिळते, कामावर असताना दूध कसं काढायचं आणि कसं ठेवायचं. तोवर काळजी घ्या. जय हिंद.